अमावास्येला लावलेला कार्बुरेटर

मी डूख धरणारा माणूस आहे. आधीच सांगून ठेवतो, मागनं तक्रार नको. शाळेत ज्यानं माझा कंपास फोडला त्याच्याशी मी अजून बोलत नाही, आणि तो आता दोन पोरांचा बाप झालाय. आई म्हणते, "तू पोटात हुतास तवा मी कुठल्या नागाच्या शेपटावर पाय दिला कुणास ठावं." तर अशा माणसाचा त्याच्या बापासमोर अपमान केला, तर तो विसरेल काय? सहा वर्षं झाली, एक दिवस विसरलो नाही.

आमचं घर बेळगावात, वडगावला. घर म्हणजे पुढं दोन खोल्या आणि मागं चार पॉवरलूम. सकाळी माग सुरू झाले की आमच्याकडं बोलायचं ते ओरडूनच. आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, चाळीस वर्षं त्या खडखडाटात गेली आणि त्यातच कान गेले. डावा कान पूर्ण बंद. उजव्याला तोंड लावून बोंब मारली तर ऐकू येतं. मला मागावर बसायचं नव्हतं, मला इंजिनाचा नाद. म्हणून मी मच्छे गावाच्या रस्त्यावरच्या एका गॅरेजात मेस्त्रीच्या हाताखाली लागलो आणि अकरा वर्षं काढली.

मेस्त्री निपाणीकडचा. जैन शेतकरी घरातला, तंबाखूची शेती भावांवर सोडून इकडं आलेला. आम्ही त्याला अण्णा म्हणायचो. मराठीत सुरू केलेलं वाक्य कन्नडात संपवायचा आणि रागावला की फक्त कन्नड. कान मात्र असा की गाडी अजून वळणावर आहे आणि हा आतनं ओरडणार, "टॅपेट वाजालाय बघ तिचा." मला जे येतं ते त्यानंच शिकवलं, हे मी नाकारत नाही. मीठ खाल्लं त्याचं. पण जखमेवर चोळलं तेही त्याचंच.

तर झालं असं. कणकुंबीला जंगलाच्या कडेला एक रिसॉर्ट आहे. पाहुण्यांना चिखलातनं फिरवायला तिथल्या मालकानं क्वाड ठेवल्या होत्या. क्वाड म्हणजे मोटारसायकलीसारखं हँडल, पण चार फुगीर टायर. त्यातली एक खास शर्यतीची, जुनी घेतलेली, मालकाची स्वतःची लाडकी. तिचा आवाज मोठा पाहिजे, डोंगर हादरला पाहिजे, म्हणून त्यानं ती आमच्याकडं टाकली. मेस्त्री नेमका घरच्या लग्नाला आठ दिवस निपाणीला निघाला होता. जाताना मला म्हणाला, "सायलेन्सर मोकळा कर आणि कार्बुरेटर त्याला जुळवून घे. घाई करू नगंस." गॅरेजात तेव्हा वायरिंगचं काम चालू, बसायला जागा नाही. मी गाडी सरळ वडगावला घरी आणली आणि मागाच्या खोलीला लागून असलेल्या पडवीत लावली.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, पुढं सगळं यावरच आहे. इंजिन हवा ओढतं ती एका स्पंजाच्या फिल्टरमधनं. त्या हवेत पेट्रोल मिसळतो कार्बुरेटर. किती मिसळायचं ते ठरतं जेटवर. जेट म्हणजे पितळेचा एवढासा खिळा, मधे बारीक भोक, अंगावर नंबर. नंबर मोठा तर पेट्रोल जास्त. जास्त झालं तर ठिणगी पाडणारा प्लग काळा पडतो, गाडी घुसमटते. कमी झालं तर प्लग पांढरा पडतो, गाडी फटफट करते आणि इंजिन आतल्या आत भाजतं. बरोबर असेल तर प्लगचा रंग दुधातल्या चहाचा. सायलेन्सर मोकळा केला की इंजिन हवा जास्त ओढतं, म्हणून जेट मोठा घालायचा. हे गॅरेजातलं कुत्रंही सांगेल.

पण माझा प्लग काळा येत होता. सायलेन्सर मोकळा करूनही काळा. मी जेट एक नंबर खाली आणला, तरी काळा. आणखी खाली आणला. आठव्या दिवशी रंग आला, गाडी उचलायला लागली. मी खूश. मेस्त्री आला, बाहेरच एकदा ॲक्सिलरेटर पिळून बघितलं, मान हलवली आणि गाडी कणकुंबीला गेली.

चार दिवसांनी टेम्पोत घालून परत आली. चढावर मालक स्वतः चालवत होता, सोबत दुसऱ्या क्वाडवर पाहुणे, आणि मधेच इंजिन जाम. मालक तोंडाला येईल ते बोलत होता. मेस्त्रीनं सरळ इंजिन खोललं. पिस्टनच्या डोक्यावर वितळून खड्डा पडला होता. आणि नेमके त्याच वेळी आप्पा दारात. माझ्या बहिणीचं लग्न ठरलेलं, मेस्त्रीला पहिली पत्रिका द्यायची म्हणून बिचारे इस्त्रीचा सदरा घालून आलेले.

मेस्त्रीनं पिस्टन माझ्या नाकासमोर धरला. मालक, गॅरेजातले चौघे, रस्त्यावरचे दोनचार, सगळ्यांसमोर म्हणाला, "बघा. मागवाल्याच्या पोराच्या हातात मशीन दिली की असं हुतंय. सात पिढ्या मागावर धोटं फेकणारी माणसं. ह्यानला कार्बुरेटर काय कळणार? जा रं, माग चालव जा."

आप्पांना यातला एक शब्द ऐकू आला नाही. मेस्त्री बोलतोय एवढंच दिसलं. त्यांनी हसून हात जोडले आणि पत्रिका पुढं केली.

ते हसणं. त्या हसण्यानं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिवी मला दिली असती तर गिळली असती, अकरा वर्षं गिळत होतोच. पण बाप हसतोय आणि समोरचा त्याच्या सात पिढ्या काढतोय, हे बघणं कुणाच्याही नशिबी येऊ नये. मी पाना टाकला, आप्पांचा दंड धरला आणि बाहेर पडलो. वाटेत आप्पा विचारत होते, "लग्नाला येतो म्हणला न्हवं?" मी मानेनं हो म्हणालो.

तेव्हापासून मला एकच पाहिजे होतं. त्या मेस्त्रीनं त्याच माणसांसमोर, माझ्या बापासमोर म्हणायचं, की चूक पोराची नव्हती. बास. त्याचं गॅरेज बुडावं असं मला वाटत नव्हतं... खोटं कशाला बोलू, वाटत होतं, पण ते दुसऱ्या नंबरला.

माझी खात्री होती की चूक त्याचीच. गाडी जळायच्या वर्षभर आधी त्यानंच त्या इंजिनाचा सिलिंडर घासून नवा पिस्टन बसवला होता. तो घट्ट बसवला असणार, चढावर तापला, चिकटला. स्वतःचं पाप झाकायला माझं नाव पुढं. चोराच्या उलट्या बोंबा! मी मच्छ्याच्याच एका कारखान्यात लेथवर लागलो. येताजाता त्याचं गॅरेज लागायचं. मी मान वळवायचो नाही, पण आत कोणती गाडी आहे ते मला रोज माहीत असायचं.

गेल्या वर्षी कळलं की ती क्वाड रिसॉर्टच्या स्वयंपाकघरामागं अजून तशीच पडून आहे, सरपणाशेजारी. जाऊन भंगारात उचलून आणली. मालकानं ओळखलं आणि दात काढले, "तूच जाळलास, आता तूच अंत्यविधी कर." मी पण हसलो. मनात म्हटलं, हस बाबा, पाळी येते प्रत्येकाची.

पाळी कुठं आणायची तेही ठरलं होतं. निपाणीजवळ मेस्त्रीच्या गावात जत्रा भरते. तंबाखू काढून झालेली असते, रानं मोकळी. बैलगाड्यांच्या शर्यती संपल्या की हल्ली त्याच रानात क्वाड पळवतात. फार्महाउसवाले, रिसॉर्टवाले येतात. मेस्त्री दरसाल एक गाडी तयार करतो, कणकुंबीचा मालक ती चालवतो आणि दरसाल पहिला येतो. म्हणजे मला पाहिजे ती सगळी माणसं एका रानात, दिवसाउजेडी. त्याच जळक्या गाडीवर बसून त्यांना हरवायचं. त्यांच्याच गाडीनं त्यांचंच नाक कापायचं. ह्या विचारानं मला लेथवर उभ्या उभ्या हसू यायचं.

इंजिन मी जीव लावून केलं. सिलिंडर नवीन घासून घेतला, पिस्टन नवा, मापं तीनतीनदा घेतली. सायलेन्सर आत सगळा गंजून गेलेला. त्याच्या आत भोकांची नळी असते, तिच्याभोवती काचेची लोकर गुंडाळतात. तशी नळी कुठं मिळेना. मग आठवलं, वडगावच्या रंगखान्यात सूत रंगवायला ज्याच्यावर गुंडाळतात ती स्टीलची नळी, भोकाभोकांची! एक जुनी मागून आणली, लेथवर तोंडं जुळवली, बसवली. "मागवाल्याचं पोर" म्हणाला होता ना? घे, मागवाल्याचा सायलेन्सर.

राहिलं कार्बुरेटर लावणं. ते आवाजाचं काम. डोळ्यांनी निम्मं, कानांनी निम्मं. आणि आमच्या घरात माग चालू असताना शेजारी बाँब फुटला तरी कळायचं नाही. पण विणकराच्या घरात एक रीत आहे, अजून पाळतात. अमावास्येला माग बंद. आईबाप, आजे-पणजे, कुणीच अमावास्येला धोटा हलवला नाही. महिन्यातनं तेवढा एक दिवस आमच्या गल्लीत चिमणी ऐकू येते. मी ठरवलं, कार्बुरेटर लावायचा तो अमावास्येलाच. पुन्हा कुणी म्हणायला नको की गोंगाटात लावला. रजा टाकायची, सकाळी अंघोळ करून गाडीजवळ बसायचं. आई म्हणायची, "लोक अमावास्येला देवाला जात्यात, आमचं येडं धुरात बसतंय."

पहिल्या अमावास्येला इंजिन सुरू झालं. आवाज ऐकून गल्ली गोळा झाली. आप्पांना ऐकू आलं नाही, पण त्यांनी सीटवर हात ठेवला आणि थरथर हाताला लागल्यावर म्हणाले, "जित्ती झाली रं!" मधल्या दिवसांत कारखान्यातनं आलो की रोज पडवीत तासभर चालवायचो, नवीन पिस्टन मोकळा व्हावा म्हणून. पलीकडं माग चालू, अलीकडं गाडी चालू. आई कानावर हात ठेवून शेजारी निघून जायची.

दुसऱ्या अमावास्येला प्लग काढला तर काळा. म्हटलं, असू दे, मुरायची आहे. जेट एक नंबर खाली.

तिसऱ्या अमावास्येला पुन्हा काळा. पुन्हा खाली. आणि मग रंग आला, दुधातल्या चहाचा. आवाज एकदम गोल. ॲक्सिलरेटर पिळला की कुठं अडखळत नव्हती. मी जेटचा नंबर बघितला आणि उडालोच. तोच! सहा वर्षांपूर्वी मी घातलेला तोच नंबर! म्हणजे तेव्हाही मी बरोबर होतो. शांततेत, कानांनी, तीन अमावास्या लावून आलं ते हेच उत्तर. मी तिथंच पडवीत उभा राहून एकट्यानंच मांडी थोपटली. अण्णा, आता तुमची धडगत नाही. चारी मुंड्या चीत.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातनं घरी आलो तर आई मोरीवर काहीतरी चोळून धूत बसलेली. बघतो तर गाडीचा फिल्टर. सीटखालच्या डब्याचं झाकण मी उघडं ठेवलं होतं, तिला वाटलं काहीतरी घाणेरडा स्पंज आहे.

"आई! कशाला काढलीस? तेल लावलेलं असतंय त्याला!"

"त्याल कसलं? बघ हे." तिनं मोरीच्या कडेला काढून ठेवलेला गोळा दाखवला. मूठभर कापूस. धुरळ्यानं करडा झालेला, तेलानं चिकटलेला, जुन्या घोंगडीसारखा घट्ट. "एवढं नाकात कोंबल्यावर मानूस तरी दम घील काय रं?"

मागाच्या खोलीत सुताचा बारीक कापूस हवेत उडत असतो. आमच्या केसांत, डाळीत, देवावर, सगळीकडं असतो. आम्हाला तो दिसतच नाही, जन्मापासनं बघतोय. फिल्टर वाळला, मी नवीन तेल लावून बसवला आणि माग बंद झाल्यावर, जेवायच्या आधी, गाडी येळ्ळूरच्या वाटेला मोकळ्या रानात नेली. एक फर्लांग गेली नाही तर फटफट करायला लागली. इंजिनाजवळ पाय धरवेना, एवढं तापलं. मी चावी बंद केली. प्लग काढला. पांढरा. खडूसारखा पांढरा.

बांधावर बसलो.

एक एक करून सगळं उलगडत गेलं, आणि मला ते नको होतं. गाडी घरात ठेवली, फिल्टर कापसानं बुजला, हवा कमी पडली, म्हणून प्लग काळा. मी खुळ्यानं जेट छोटा केला. सहा वर्षांपूर्वीही आठ दिवस गाडी ह्याच पडवीत, चारी माग चालू असताना. कणकुंबीला गेल्यावर तिथल्या ड्रायव्हरनं लांबच्या फेरीआधी फिल्टर धुतला असणार, ते धुतातच. मोकळा सायलेन्सर, मोकळी हवा आणि एवढंसं पेट्रोल. चढावर पिस्टन वितळणार नाही तर काय होईल? मेस्त्रीचा सिलिंडर घट्ट नव्हता. गाडी मी जाळली होती.

आता सांगा, सहा वर्षं एखादी गोष्ट उराशी धरावी आणि ती आपलीच निघावी. मला आधी लाज वाटली. ती फार टिकली नाही. मग राग आला, आणि तो पुन्हा मेस्त्रीवरच आला! चूक माझी, कबूल. पण माझ्या बापाच्या सात पिढ्या काढायचा अधिकार कुणी दिला? पिस्टन जळाला होता, माझा बाप नव्हता जळाला. मी उठलो आणि ठरवलं, शर्यतीला जायचं. कुणाला काय माहीत आहे? मला माहीत आहे आणि त्या मूठभर कापसाला, आणि तो आईनं चुलीत टाकला होता. सांगतो ते ऐकायला बरं वाटत नसेल तर नसू दे, मी असाच आहे.

पुढच्या महिन्यात रविवारी रविवारी गाडी रानात नेली, घरात ठेवलीच नाही, येळ्ळूरला मित्राच्या गोठ्यात ठेवली. जेट तीन नंबर वर नेला. रंग आला. खरा रंग.

जत्रेच्या दिवशी गाडी टेम्पोत घातली आणि आप्पांना पुढं बसवलं. त्यांनी परत इस्त्रीचा सदरा घातला होता. रानात गर्दी, धुरळा, हलगी. एका बाजूला पाणी सोडून चिखल केलेला. मेस्त्री म्हातारा दिसायला लागला होता. मी गाडी खाली उतरवून सुरू केली तसा तो पाठमोरा होता तो वळला.

"वळखलासा काय, अण्णा?"

"आधी मशीन वळखली. मग तुला." त्यानं गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "सुरीनं कापल्यागत साफ आवाज आलाय. कुणी लावली?"

"मागवाल्याच्या पोरानं."

कणकुंबीचा मालक शेजारी हेल्मेट हातात घेऊन उभा होता, गॅरेजातले दोघे होते. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "अण्णा, पैज लावूया. तुमची गाडी हरली तर सगळ्यांम्होरं म्हणायचं, सहा वर्सांमागं चूक पोराची न्हवती. माझ्या बापाम्होरं म्हणायचं."

"आणि तू हरलास तर?"

"तर मी म्हणीन, माझी हुती म्हणून."

हे बोलताना माझी जीभ कचरली नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. मेस्त्रीनं हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. मग म्हणाला, "आयतु." म्हणजे ठरलं.

पाच फेऱ्या होत्या. पहिल्या तीन मालक पुढं. चिखलात तो माझ्यापेक्षा तरबेज, माझ्या तोंडावर सगळा चिखल त्याच्याच टायरांचा. चौथ्या फेरीत त्याच्या मागच्या चाकाला माझं पुढचं चाक लागेल एवढा जवळ आलो. आणि शेवटच्या फेरीला जिथं सरळ रान लागतं तिथं मी ॲक्सिलरेटर पूर्ण पिळला. ती एकदाही अडखळली नाही. रंगखान्याच्या नळीतनं असा आवाज निघाला की बांधावरच्या बायकांनी कानावर पदर घेतले. मालकाला मी उजवीकडनं काढला, त्याच्याकडं बघत बघत काढला, आणि दोन गाड्यांच्या अंतरानं जिंकलो. लोक ओरडत होते. मी हेल्मेट काढून एकच माणूस शोधत होतो.

मेस्त्री आला. टाळाटाळ नाही, काही नाही. सरळ टेम्पोजवळ, जिथं आप्पा बसले होते, तिथं उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "सहा वर्सांमागं ह्या पोराच्या बापाम्होरं मी ह्याच्यावर आळ घातला. मशीन माझ्या गॅरेजातनं गेलती. चूक माझी. पोराची न्हवती. पोरगं कारागीर हाय." आणि आप्पांना हात जोडले. आप्पांनी हसून हात जोडले. ऐकू काही आलं नव्हतंच.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मालकानंही वाजवल्या. हेच पाहिजे होतं मला, सहा वर्षं हेच. हे घडताना कसं वाटेल ते मी हजारदा मनात घोळवलं होतं. प्रत्यक्षात तोंडात मारल्यासारखा उभा राहिलो.

मेस्त्री माझ्या गाडीजवळ आला आणि गुडघ्यावर हात टेकून खाली बसला. सीटखालच्या फिल्टरच्या डब्याचे क्लिप काढले, आत बोट फिरवलं आणि ते बोट मला दाखवलं. स्वच्छ होतं.

"ह्या बारीला घरात ठेवली न्हाईस," तो हळू म्हणाला.

"म्हंजे?"

"तू गेल्यावर हा डबा मी खोलला हुता. फिल्टर धुतल्याला, पण डब्याच्या कोपऱ्यात कापूस. तुमच्या घरचा. जेट काढून नंबर बघितला, सगळं कळलं. तुला सांगावं म्हणून वाट बघितली. तू येताजाता मान वळवंनास."

"मग आत्ता लोकांम्होरं तसं का म्हणालासा?"

तो उठला, गुडघे झाडले. "तुला पाहिजे हुतं न्हवं सहा वर्सं? घे." आणि चालायला लागला.

त्या "घे"नं मी उभा जळालो. सूड मी घ्यायला आलो होतो आणि घेऊन तो चालला होता! सगळ्या रानासमोर तो मोठा झाला, चूक अंगावर घेणारा, दिलदार. आणि मी? मी त्याची भीक खिशात घालून जन्मभर हिंडायचं. हा माणूस मला शेवटपर्यंत वर मान करू देणार नाही.

आप्पांनी टेम्पोतनं हात हलवून बोलावलं. "काय म्हणला रं त्यो? हात कशाला जोडला?"

मी जवळ गेलो. हळूच म्हणालो, "आप्पा, चूक माझीच हुती."

"आँ?"

त्यांना हळू सांगता येत नाही. आमच्या घरात कुठलीच गोष्ट हळू सांगता येत नाही. एक तर काहीतरी थाप मारायची, नाहीतर सगळ्या रानाला ऐकू जाईल असं बोलायचं. मी बघितलं, मेस्त्री अजून वीसेक पावलांवर होता, लोक त्याच्या पाठीवर थाप मारत होते. खरं सांगतो, पश्चात्ताप वगैरे काही नव्हता. त्याला तो मोठेपणा पचू द्यायचा नव्हता, एवढंच होतं माझ्या मनात. मी आप्पांच्या उजव्या कानाला तोंड लावलं आणि होतं नव्हतं तेवढा दम लावून बोंबललो,

"आप्पा! त्यो खोटं बोलला! चूक माझी हुती! गाडी मीच जाळलीती!"

हलगी थांबली होती की मलाच ऐकू येत नव्हतं, कुणास ठाऊक. सगळे वळले. मालकाचं तोंड उघडं. मेस्त्री जागच्या जागी थांबला आणि वळला, आणि त्याचा चेहरा उतरलेला मी ह्या डोळ्यांनी बघितला. दिलेलं मी त्याच्या तोंडावर परत फेकलं होतं. जिंकलो मी तिथं. शर्यतीत नाही, तिथं.

आप्पांनी माझं तोंड कानापासनं बाजूला केलं. त्यांना सगळं ऐकू आलं होतं.

"तुझी हुती?" ते म्हणाले. "मग हात त्यानं का जोडलं?"

सात पिढ्यांचं सांगावं, तर ते त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं, आणि मी ते त्यांच्या कानात ओरडणार नव्हतो.

"जोड," आप्पा म्हणाले.

"आप्पा..."

"जोड म्हणतो न्हवं."

मी हात जोडले. चिखलानं आणि ग्रीसनं काळे झालेले. मेस्त्रीनं बघितलं, वळला आणि आपल्या गाडीकडं चालत गेला. मला हात खाली घ्यायचे होते, पण तो गाडीत बसून रानाबाहेर जाईपर्यंत आप्पांनी माझ्या हातांवरची नजर काढली नाही.